टॅब आले, आता मुलांचं मत कसं घ्यायचं?

मॅडम, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. शाळेला लोकसहभागातून दहा टॅब आणि एक स्मार्ट टीव्ही मिळालाय, पुढच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत, म्हणजे आसपासच्या शाळांच्या शिक्षकांच्या बैठकीत, 'तंत्रज्ञानाच्या वापराबाबत विद्यार्थ्यांची मते' तुम्हाला मांडायची आहेत, आणि पाचवी ते आठवीसाठी पंचवीस प्रश्नांचा गुगल फॉर्म करून तो पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायच्या बेतात तुम्ही आहात. टाकू नका. निदान आज तरी नको.

हा उद्योग मी आधी करून बसलोय म्हणून सांगतो. बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत माझी वीसेक वर्षं गेली. आमच्याकडे टीव्ही आला तेव्हा मी कागदावर प्रश्न छापले. पहिलाच प्रश्न, 'तुम्हाला टीव्हीवर शिकायला आवडते का?' झाडून सगळ्यांचं 'होय'. एकाचा रकाना कोरा होता, पण तो पेन विसरला होता. मी रंगीत तक्ता केला, शाबासकीही मिळाली. गंमत अशी की त्या महिन्यात टीव्ही एकदाही लागला नव्हता, कारण बिल थकल्यामुळे शाळेची वीज तोडलेली होती! पुढे सहलीला जाताना एका पोराने खरं सांगितलं, "नाही लिहिलं असतं तर परत नेला असता ना सर टीव्ही."

मुलं खोटं बोलत नव्हती. आपल्याला काय ऐकायचंय ते त्यांनी बरोबर ओळखलं होतं. 'आवडते का', 'उपयुक्त वाटते का' असं विचारलं की हेच होणार. त्यापेक्षा घडलेलं विचारा. शेवटचा टॅब हातात कधी आला? किती जण मिळून बघत होता? काय लावलं होतं? मध्येच अडकलं तेव्हा कुणाला विचारलं? मत त्या उत्तरांतून आपोआप बाहेर पडतं. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' या शिक्षणविषयक अहवालाच्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयाच्या मुलांना मागच्या आठवड्यात फोनवर काय केलं ते विचारलं होतं. फोन वापरता येणाऱ्यांपैकी ५७ टक्क्यांनी अभ्यासाचं काहीतरी केलं होतं, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमं पाहिली होती. 'मोबाइल अभ्यासासाठी उपयोगी आहे का?' असं विचारलं असतं तर काय आकडा आला असता, ते तुम्हीच ओळखा. त्या पाहणीत मुलांना कामंही करून दाखवायला सांगितली होती: गजर लाव, अमुक माहिती शोध, एक व्हिडिओ शोधून पाठव. 'येतं का?' याला कुणीही हो म्हणतं. 'करून दाखव' म्हटलं की खरं कळतं.

आता फॉर्मचं. तो भरणार कोण? ज्याच्या घरी स्मार्टफोन आहे, त्यात रिचार्ज आहे आणि तो फोन संध्याकाळी घरी असतो, असं मूल. आमच्याकडे दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. फोन आईबापाबरोबर कारखान्यावर, पोरगं आजीजवळ नाहीतर हंगामी वसतिगृहात, आणि आजीकडे बटनांचा फोन. म्हणजे ज्याला शाळेतल्या टॅबची सगळ्यात जास्त गरज, नेमका तोच तुमच्या तक्त्यात नसणार. शिवाय बऱ्याच घरी फॉर्म दादा किंवा काका भरून टाकतात. आपणही 'आजच्या आज माहिती भरा'च्या लिंका कशा भरतो ते आठवा, म्हणजे पटेल.

तर कागदच घ्या, पण कोरा, आणि चित्र काढायला सांगा. सहावीच्या वर्गाला मी एवढंच म्हणालो होतो, "संगणकाच्या तासाला तू कुठे असतोस, कुठे असतेस, ते काढा." एका मुलीच्या चित्रात नुसती डोकी होती, पाठमोरी. तेल लावून चापून बसवलेले केस, एकाच्या डोक्यावर भोवरा, शर्टाच्या कॉलरी, सगळं अगदी निगुतीने काढलेलं. मी विचारलं, "अगं, संगणक कुठाय यात?" ती म्हणाली, "पुढं आहे. मला दिसतच नाही ना." मग बाकीची चित्रं पुन्हा चाळली. बहुतेक मुलींच्या चित्रांत खुर्चीवर मुलगा आणि माऊसही त्याच्याच हातात. ती खोली रोज माझ्या डोळ्यांसमोर होती, आणि मला हे कधी दिसलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून फळ्याच्या कोपऱ्यात माऊसची पाळी लिहायला लागलो, आधी मुली. पोरांनी आठवडाभर कुरकुर केली, मग विसरली.

विचारतं कोण, यानेही फरक पडतो. स्वतःच्या वर्गाला स्वतः विचारू नका, शेजारच्या सरांशी वर्ग बदला. किंवा आठवीतल्या चौघांना पाचवीच्या मुलांशी बोलायला बसवा आणि तुम्ही व्हरांड्यात थांबा. नाव न लिहिता चिठ्ठी टाका म्हटलं तरी मुलं बिचकतात. का, ते मला एका मुलीनेच सांगितलं: "सर, तुम्ही अक्षर ओळखता." बरोबरच आहे, ओळखतोच. तेव्हापासून मी चिंचोके वापरतो. तीन डबे परिपाठाच्या जागेपासून लांब, भिंतीआड ठेवायचे. 'टॅबवर मला पाळी मिळते', 'कधी कधी मिळते', 'मिळत नाही'. प्रत्येकाने एक चिंचोका टाकायचा. मोजणी मुलांनीच करायची, म्हणजे आकड्याबद्दल कुणाला शंका राहत नाही.

नावं, आधार, पालकांचे नंबर काहीही गोळा करू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या लेखी अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण मूल आहे, आणि त्याची माहिती हाताळायला पालकांची संमती लागते, असं तो सांगतो. तसंही तुम्हाला इयत्ता आणि मुलगा की मुलगी एवढंच पुरेसं आहे.

तुमच्या यादीत 'घरी मोबाइल किती वेळ पाहतोस?' हाही प्रश्न आहे. काढून टाका. तो प्रश्न आला की मुलांना वाटतं आता ओरडा बसणार, आणि पुढची सगळी उत्तरं गुळगुळीत होतात. तो विषय वेगळा आणि मोठ्यांसकट घ्यायचा आहे. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावमध्ये २०२२ पासून संध्याकाळी सातचा भोंगा वाजला की टीव्ही-मोबाइल बंद ठेवतात, पण ते अख्ख्या गावाने ठरवलेलं आहे, एकट्या पोरांवर लादलेलं नाही.

आणि जे बदलणं तुमच्या हातात नाही ते विचारूच नका. 'प्रत्येकाला टॅब हवा का?' विचारून काय करणार? माझ्याकडे एकदा एक तक्रार आली, अगदी छोटी: पुस्तकातला क्यूआर कोड घरी स्कॅन केला की आजोबांचं नेट संपतं आणि आजोबा चिडतात. हे कोड ज्यावर उघडतात ते 'दीक्षा' हे सरकारी ॲप २०१७ पासून आहे, आम्ही परिपाठात रोज 'कोड स्कॅन करा' सांगत होतो, आणि त्याचा खर्च कुठल्या खिशातून जातो हे आमच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्या ॲपमधले व्हिडिओ उतरवून ठेवता येतात. शनिवारी शाळेतच पुढच्या दोन पाठांचे उतरवायचे आणि मधल्या सुट्टीत टॅबवर बघू द्यायचे, एवढ्यावर काम भागलं. पैसा लागला नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं बारावं कलम मुलांना मत मांडायचा हक्क देतं, आणि भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला. परिषदेत पहिल्या स्लाइडवर हे टाकलंत की साहेब लोक खूश होतील, टाका. पण त्याच कलमात पुढे त्या मताला वय आणि समज पाहून वजन द्यायला सांगितलंय, आणि आपलं घोडं पेंड खातं ते तिथेच. म्हणून परिषदेआधी वर्गात जाऊन सांगा: तुम्ही हे हे म्हणालात, यातलं हे सोमवारपासून होईल, हे होणार नाही आणि का नाही. 'होणार नाही' याचं मुलांना फारसं वाईट वाटत नाही. विचारून गेले आणि पुन्हा फिरकलेच नाहीत, याचं वाटतं. मग पुढच्या वेळी ती पुन्हा सगळीकडे 'होय' लिहून मोकळी होतात.

दहा दिवस हाताशी आहेत म्हणता, तर पहिले दोन चित्रांना द्या, चिंचोक्यांना एक दिवस पुरतो, आणि आठवीच्या मुलांना बोलायला निवांत तीन दिवस. पंचवीस प्रश्नांतले पाच ठेवा. कुठले ठेवताय ते इथे टाकलंत तर बघून सांगतो. आणि हो, सातवी-आठवीच्या मुलींशी मॅडमनीच वेगळं बोलावं. मुलांसमोर त्या टॅबबद्दल चकार शब्द काढणार नाहीत.