जगात इतकं दुःख आहे म्हणजे देव नाहीच, या आक्षेपाला ख्रिस्ती तत्त्वज्ञांकडे उत्तर आहे का?

आहे, पण ते अर्ध्याच आक्षेपाला पुरतं. नास्तिक तत्त्वज्ञ जे. एल. मॅकी यांनी १९५५ साली मांडलं की सर्वशक्तिमान, पूर्ण चांगला देव आणि जगातलं वाईट या दोन गोष्टी एकत्र नांदूच शकत नाहीत. तो सरळ तार्किक विरोध आहे. त्यावर ख्रिस्ती तत्त्वज्ञ ॲल्विन प्लँटिंगा यांचं १९७४चं उत्तर असं: माणूस खरोखर स्वतंत्र असेल, तर तो दरवेळी योग्यच निवड करील अशी तजवीज देवालाही करता येणार नाही. देवाने खरंच याच कारणाने वाईट होऊ दिलं, हे त्यांना सिद्ध करायचंच नव्हतं. तसं शक्य आहे एवढं दाखवलं की विरोध उरत नाही. (चाल बिनतोड आहे, नास्तिक तत्त्वज्ञही बरेचदा हे मान्य करतात.)

खरी अडचण पुढे, आक्षेपाच्या दुसऱ्या अर्ध्यात येते: देव असणं अशक्य नसेलही, पण इतकं निरर्थक दुःख बघता तो असेल असं वाटत नाही. नास्तिक तत्त्वज्ञ विल्यम रो यांचं १९७९चं उदाहरण घ्या: वणव्यात भाजलेलं हरणाचं पाडस दिवसचे दिवस तडफडून मरतं, आसपास बघायलाही कोणी नाही. इथे माणसाची निवड कुठे आली? ‘देवाचं कारण आपल्याला दिसत नाही म्हणजे ते नाहीच असं नव्हे’ हा यावरचा नेहमीचा बचाव, आणि मला तो बराच लंगडा वाटतो.