महासाथीतील बाळंतपण : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे (ऑगस्ट २०२१)

प्रश्न : मला सातवा महिना आहे. कोरोनाच्या भीतीने दोन तपासण्या चुकवल्या. सासूबाई म्हणतात, सुईणीला बोलावून घरीच बाळंतपण करू. (सातारा जिल्हा)

उत्तर : दुसऱ्या लाटेत आपण सर्वांनी जे पाहिले, त्यानंतर दवाखान्याची पायरी चढताना पाय अडखळणारच. तरीही घरी बाळंत होऊ नका, असे मी हात जोडून सांगते. बाळ सुखरूप जन्मले, वारही पडली, पण गर्भाशय वेळेत आकसले नाही, तर काही मिनिटांत इतका रक्तस्राव होतो की गाडी येईपर्यंतही वेळ उरत नाही, आणि तो थांबवण्याचे उपाय सुईणीच्या हाती नसतात. सासूबाईंना हे शांतपणे समजावून सांगा. त्या तुमच्या काळजीनेच बोलत आहेत. रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि साखर याच आठवड्यात तपासून घ्या. फोन करून गर्दी नसलेली वेळ विचारा, आशाताईंची मदत घ्या. मात्र डोके फार दुखले, डोळ्यांपुढे अंधारी आली, अंगावरून रक्त किंवा पाणी गेले, बाळाची हालचाल कमी वाटली, तर वेळ विचारत बसू नका, थेट निघा.

प्रश्न : पत्नीचे दिवस भरत आले आहेत. चाचणी पॉझिटिव्ह आली तर सिझरच करतात आणि बाळाला दूर ठेवतात, हे खरे का? लस घ्यावी का? (ठाणे)

उत्तर : केवळ कोविड आहे म्हणून सिझर करण्याचे कारण नाही. आईची प्रकृती बरी असेल, तर मास्क लावून आणि हात स्वच्छ धुऊन तिने बाळाला अंगावर पाजावे, जवळ ठेवावे, असेच जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. मुंबईच्या नायर रुग्णालयात कोविड झालेल्या शेकडो माता बाळंत झाल्या आहेत. लस जरूर घ्यावी. गर्भवतींना २ जुलैपासून परवानगी आहे आणि शेवटच्या महिन्यांत हा आजार अधिक बळावू शकतो.

प्रश्न : गेल्या वर्षी टाळेबंदीत मी एकटीच बाळंत झाले. आता पुन्हा पाचवा महिना आहे आणि लेबर रूम आठवली की झोप उडते. आधीच सिझर मागून घेऊ का? (पुणे)

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले. या भीतीला वैद्यकात ‘टोकोफोबिया’ हे नाव आहे. ‘सगळ्याच बायका बाळंत होतात’ असे म्हणून ती उडवून लावणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. त्या दिवसांत पीपीई किटमध्ये आमचे फक्त डोळे दिसत. आमच्या एका सिस्टरने किटवर मार्करने स्वतःचे नाव मोठ्या अक्षरांत लिहिले, तेव्हा कळा सोसणारी एक मुलगी तिला नावाने हाक मारू लागली आणि तिचा श्वास संथ झाला. वेदनेइतकाच एकटेपणाही छळतो, हे मी तेव्हा शिकले. म्हणून सिझरचा निर्णय आज करू नका. पहिल्या वेळी नेमके काय घडले, ते डॉक्टरांसमोर जुना केसपेपर ठेवून विचारा आणि समुपदेशकाची भेट मागा. प्रसूतीच्या वेळी सोबत असावी, असे सरकारी मार्गदर्शक सूचनाही सांगतात, आणि सतत सोबत मिळालेल्या स्त्रियांच्या कळांचा काळ कमी होतो, सिझरही कमी होतात. सोबत नाकारणारे रुग्णालय असेल, तर आत्ताच दुसरे पाहा. पाचव्या महिन्यात त्यासाठी पुरेसा वेळ आहे. इतके करूनही भीती हटली नाही, तर आठव्या महिन्यात सिझरचा विषय पुन्हा काढा, आणि तेव्हा डॉक्टरांनी तो मनापासून ऐकून घेतला पाहिजे.