एमटीबीचा (डोंगरात चालवायच्या सायकलचा) मागचा शॉक पन्हाळ्याच्या उतारावर तळाला आपटतो. सर्व्हिसला पुण्याला पाठवू की उद्यमनगरात करून घेऊ?

‘उद्यमनगर’ वाचलं म्हणून लिहायला बसलो, नाहीतर गप्प राहणार होतो.

उद्यमनगर म्हणजे आमची कोल्हापूरची वर्कशॉपांची वसाहत. तिथं काय होत नाही, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. आमच्या दाजींचं तिथंच लेथचं वर्कशॉप आहे. मसाई पठाराच्या जांभ्यावर दोन पावसाळे काढल्यावर माझा एअर शॉक (स्प्रिंगऐवजी हवेवर चालणारा) हवा सोडायला लागला. रात्री दाब १७० पीएसआय, सकाळी १००. (पंप लावताना थोडी हवा त्याच्या नळीत जातेच, पण सत्तर नव्हे.) सील किट मागवतो म्हटलं, तर दाजी म्हणाले, “बुलेटचं शॉक उघडल्यात ह्या हातानं. ह्या खेळण्याला किट कशाला पायजे?”

एअर कॅन, म्हणजे शॉकचा हवेचा डबा, खरं तर हातानं सुटतो, फार तर रबरी पट्ट्याचा पान्हा लागतो. दाजींनी तो व्हाइसमध्ये आवळून पाइप पान्ह्यानं फिरवला. ओरखडे अजून आहेत. जुनी ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी रिंग) व्हर्निअरनं मोजून हायड्रॉलिक सीलच्या दुकानातून ‘सेम टू सेम’ आणली. तिला शेजारून आधार देणाऱ्या बॅकअप रिंगा जादाच्या समजून डब्यात टाकल्या. वर बेअरिंगचं पिवळं ग्रीस, पुरीवर श्रीखंड थापावं तसं.

आता, कॅनच्या आतल्या भिंतीला एक बारीक खाच असते. पिस्टन तिच्यावरून जातो तेवढ्यात पुढच्या (पॉझिटिव्ह) आणि मागच्या (निगेटिव्ह) कप्प्यांतली हवा बरोबरीला येते. ती खाच ग्रीसनं बुजली. प्रत्येक दणक्याला सैल सीलमधून हवा निगेटिव्ह कप्प्यात घुसली ती परत येईना. तिसऱ्या आठवड्यात पन्हाळ्यावरून उतरताना शॉक निम्मा दबला आणि तसाच राहिला. मागून म्हैस बसल्यासारखी सायकल घेऊन मी घरापर्यंत आलो. दाजींचं आजही एकच, “हवाच कमी भरलीस तू.”

तर तुमचं. तळाला आपटतो म्हणजे लगेच सर्व्हिस, असं काही नाही. निम्म्या लोकांनी सॅगच, म्हणजे नुसतं बसल्यावर शॉक किती दबतो तेच, बघितलेला नसतो. पाठीवर पाण्याची बॅग घेऊन बसा, शाफ्टवरची रबरी रिंग सीलला टेकवा, न उसळता उतरा. ५० मिमी स्ट्रोक (शॉक पूर्ण दबायचं अंतर) असेल तर रिंग १३ ते १५ मिमीवर पाहिजे. सुरुवातीला वजन जितके पौंड तितके पीएसआय भरा. मी ७८ किलोचा, म्हणजे १७० च्या आसपास. दर ५० पीएसआयनंतर शॉक दहा वेळा दाबायचा, म्हणजे निगेटिव्ह कप्पाही भरतो. सॅग बरोबर असूनही आपटत असेल तर व्हॉल्यूम स्पेसर (हवेची जागा कमी करणारा तुकडा) टाका, हवा कोंबत बसू नका. रिबाउंडसाठी, म्हणजे दबलेला शॉक किती वेगानं परत येतो ते बघायला, सीटवर बसूनच फूटपाथवरून उतरा: सायकल एकदा उसळून शांत झाली की झालं.

एअर कॅनची सफाई आणि सील बदलणं साधारण ५० तासांच्या रायडिंगनंतर घरीच करा, पण त्याच मॉडेलचं किट आणि शॉकचंच ग्रीस वापरून. डँपर, म्हणजे उसळी आवरणारा तेलाचा भाग, मात्र पाठवा. त्यात बहुतेक वेळा दाबानं नायट्रोजन भरलेला असतो. पुणे असो की आणखी कुठं, तो भरायची सोय आहे का एवढं आधी फोनवर विचारा. लेथ कितीही भारी असला तरी नायट्रोजन भरत नाही, दाजी.

हे वरच सांगायला पाहिजे होतं: हवा पूर्ण सोडल्याशिवाय कॅनला हात लावायचा नाही. आणि माझ्यासारखा दबून अडकलेला शॉक असेल तर तो घरी उघडायचाच नाही. व्हॉल्व्हमधून हवा गेली तरी निगेटिव्ह कप्प्यात दाब अडकलेला असतो, कॅन उडून तोंडावर बसेल.

शॉक एअरचा की कॉइलचा (स्प्रिंगचा), ते तुम्ही लिहिलंच नाही. कॉइलचा असेल तर हवेचं सगळं सोडा. सॅग तेवढा मोजा आणि तुमच्या वजनाची स्प्रिंग घ्या.