पहिला बंपर बनवताना

जुन्या जिप्सीला घरीच लोखंडी बंपर बनवायचा म्हणतोस? बनव की, भावा. वेल्डिंग येतंय, म्हणजे अर्धं काम झालंच. पण आधी कडू गोष्ट: डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना क्रॅश गार्ड, बुलबारवर (म्हणजे गाडीपुढे वरून लावलेल्या असल्याच लोखंडी बंपर-दांड्यांवर) कारवाई करायला सांगितलंय, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली. त्यामुळे हा प्रकार ट्रॅकपुरता. रस्त्यावर कंपनीचाच बंपर. एअरबॅगवाल्या गाडीला तर हातच लावू नकोस, धडकेचं सगळं गणित बिघडतं.

नवखा हमखास चुकतो तो वजनात. मजबूत हवा म्हणून ५ मिमीची प्लेट आणतो. ती चौरस मीटरला ३९ किलो भरते, ३ मिमीची साडेतेवीस. माझा पहिला बंपर उचलायला दोघं लागायचे, आणि पुढचे सस्पेन्शनचे पाटे दबले ते दबलेच! ३ मिमी पुरते; ताकद घड्यांतून आणि आतल्या आधारपट्ट्यांतून येते. चेसिसला बसणारे ब्रॅकेट मात्र जाड ठेव.

बाकी एवढंच:
- आधी पुठ्ठ्याचा साचा. टायर पूर्ण वळवून बघ, घासतो का.
- गाडीवर फक्त टाके (जागेवर धरण्यापुरते वेल्डचे ठिपके) मार, तेही बॅटरीच्या वायरी काढून. पूर्ण वेल्डिंग खाली उतरवून.
- भंगारातला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप नको. जस्ताच्या धुराने थंडी-ताप भरतो.
- गाडी ओढायचा हूक पत्र्याला नाही, थेट चेसिसला. बोल्ट ८.८ ग्रेडचे.

विंचचं (अडकलेली गाडी ओढून काढायच्या चरखीचं) नंतर बघू.