अमेरिकेचं सुप्रीम कोर्ट खरंच मोठ्या कंपन्यांच्या खिशात आहे का?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की त्या कोर्टातले जस्टिस थॉमस एका अब्जाधीशाच्या यॉटवरून (आलिशान खासगी बोट) फिरल्याच्या बातम्या वाचल्या आणि तेव्हापासून वाटतंय सगळं मॅनेज असणार. 'खिशात' हा शब्द मला पटत नाही, पण कंपन्यांकडे झुकलेलं आहे का म्हणाल तर हो, झुकलेलं आहे, आणि यॉट हा त्यातला सगळ्यात चमचमीत पण सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग आहे.

आधी माझा किस्सा सांगतो, मग बाकीचं. मी न्यू जर्सीत असतो. 2016 ला एका कंपनीत लागलो (नाव नको), जॉइन होताना एचआरने ऑनलाइन सहीसाठी आठ-दहा पीडीएफ पाठवल्या, पिवळा बाण दाखवेल तिथे क्लिक करायचं. मी गाडी सुटत असल्यासारखा क्लिक करत सुटलो. 2019 ला प्रोजेक्ट गुंडाळला आणि आम्हा सहा जणांचा शेवटचा हिशोब कमी आला, माझे साधारण 1,100 डॉलर. सहा जण मिळून एक वकील करू असं ठरलं. त्याने सगळे कागद मागवले, त्यातल्या एका पीडीएफचं सातवं पान आमच्यापुढे सरकवलं आणि विचारलं, हे वाचलं होतंत का? तिथे लिहिलेलं की कंपनीबद्दल तक्रार असेल तर कोर्टात जायचं नाही, खासगी लवादापुढे (कोर्टाबाहेर निवाडा करणारा तिऱ्हाईत) जायचं, आणि तेही प्रत्येकाने एकेकट्याने, एकत्र येऊन नाही. खाली माझीच सही. वकील म्हणाला, मागच्या वर्षी आला असतात तर निदान भांडून बघितलं असतं. झालं, सोडून दिलं.

'मागच्या वर्षी' म्हणजे सुप्रीम कोर्टाचा 2018 चा एपिक सिस्टिम्स विरुद्ध लुईस हा निकाल, 5-4 ने. विस्कॉन्सिनच्या त्या कंपनीने कर्मचाऱ्यांना नुसता ईमेल पाठवला होता, कामावर येत राहिलात म्हणजे असाच लवादाचा करार मान्य. कोर्ट म्हणालं, चालतंय. जस्टिस गिन्सबर्ग यांनी विरोधी मतात सोबतच्याच एका केसचा हिशोब मांडलाय, ओव्हरटाइमचे 1,867 डॉलर मिळवायला एकट्या माणसाला खर्च साधारण 2 लाख डॉलर. कोण लढणार सांगा!

त्याची मुळं 2011 च्या एटी अँड टी विरुद्ध कॉन्सेप्सियन या केसमध्ये आहेत. एका जोडप्याला 'फुकट' फोनवर 30 डॉलर 22 सेंट सेल्स टॅक्स लावला होता. कॅलिफोर्नियाचा कायदा म्हणत होता की असल्या छोट्या रकमांच्या करारात ग्राहकांना एकत्र यायला बंदी करता येणार नाही. जस्टिस स्कालिया यांनी 1925 चा लवाद कायदा काढला, जो मुळात मुख्यतः व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांमधल्या वादांसाठी होता, आणि म्हणाले राज्याचा नियम त्याच्या आड येतो, सबब बाद. तेही 5-4. जस्टिस ब्रायर यांनी विरोधात विचारलं की 30 डॉलर 22 सेंटसाठी कुठला शहाणा वकील केस घेईल? माझ्या मते खरा कल हा इथे आहे. कंपनी बरोबर की चूक हा प्रश्न कोर्टापुढे येतच नाही, कारण दार किती उघडं ठेवायचं हेच आधी ठरलेलं असतं.

आणि हे काही एका रात्रीत झालं नाही. ऑगस्ट 1971 मध्ये लुईस पॉवेल नावाच्या व्हर्जिनियातल्या वकिलाने (फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीच्या बोर्डावर होते) यूएस चेंबर ऑफ कॉमर्सला (उद्योगांची मोठी संघटना) एक गोपनीय मेमो लिहिला, सार असं की उद्योगांवर चहूबाजूंनी हल्ला होतोय, तुम्ही गप्प बसलाय, कोर्टांकडे लक्ष द्या. दोनच महिन्यांनी राष्ट्राध्यक्ष निक्सननी त्यांनाच सुप्रीम कोर्टासाठी निवडलं! मेमो पेपरात फुटला तोवर साहेब खुर्चीत बसलेले. 1977 मध्ये चेंबरने कोर्टकचेरीसाठी वेगळा विभाग काढला, 1978 मध्ये पॉवेल यांनीच निकाल लिहिला की कंपन्यांना सार्वमताच्या प्रचारात पैसा खर्च करू द्या, आणि 2010 चा सिटिझन्स युनायटेड हा निकाल त्याचाच नातू म्हणा, आता निवडणुकीत स्वतंत्र प्रचारावर कंपनी हवा तेवढा पैसा ओतू शकते.

आकडे हवे असतील तर 2013 मध्ये एपस्टाइन, लँडेस आणि पोस्नर या अभ्यासकांनी सुप्रीम कोर्टाच्या 1946 पासूनच्या 36 न्यायाधीशांची मतं मोजली होती, उद्योगांच्या बाजूने सर्वात जास्त कौल देणारे पहिले दोघं निघाले अलिटो आणि रॉबर्ट्स. हा पोस्नर तेव्हा स्वतः अपील कोर्टाचा जज, कोणी कॉम्रेड नव्हे.

आता यॉट. थॉमस अब्जाधीश हार्लन क्रो यांच्या खर्चाने वर्षानुवर्षं फिरले हे 2023 मध्ये बाहेर आलं, अलिटो 2008 मध्ये पॉल सिंगर या फंडवाल्या अब्जाधीशाच्या खासगी विमानातून अलास्काला मासेमारीला गेले होते तेही. वाईट दिसतं, वाईटच आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये न्यायाधीशांसाठी आचारसंहिता आली पण ती पाळली नाही तर विचारणारं कोणी नाही. पण गंमत बघा, सिंगर यांच्या फंडाची अर्जेंटिनाविरुद्धची केस 2014 ला फंडाच्या बाजूने 7-1 ने सुटली, अलिटोंचं मत काढून टाकलं तरी निकाल तोच. उलट 2022 मध्ये विमानात सामान चढवणाऱ्या सुपरवायझरच्या ओव्हरटाइमच्या केसमध्ये कोर्ट 8-0 ने साउथवेस्ट एअरलाइन्सच्या विरोधात गेलं, म्हणाले हिला लवादाकडे ढकलता येणार नाही, आणि तो निकाल लिहिला कोणी? थॉमस यांनी. म्हणून मी म्हणतो, पाकीट शोधत बसू नका, विचारच तसा असलेली माणसं पद्धतशीर निवडून बसवलीत.

आपल्याकडे हा विषय जुना आहे बरं का. 1957 मध्ये मुंबई हायकोर्टात टाटा स्टीलने पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या घटनापत्रात बदल मागितला, तेव्हा मुख्य न्यायाधीश छागलांनी परवानगी दिली पण देताना बजावलं की हा पैसा एक दिवस लोकशाहीचा गळा घोटू शकतो. आणि फेब्रुवारी 2024 मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने इलेक्टोरल बाँड रद्द करताना कंपन्यांच्या देणगीवरची मर्यादा उठवणंही मनमानी ठरवलं, म्हणजे सिटिझन्स युनायटेडच्या बरोबर उलट्या दिशेला.

बाय द वे, सध्याच्या कंपनीच्या कागदांतही तेच कलम होतं, पण शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात होतं की 30 दिवसांत ईमेल केला तर यातून बाहेर पडता येईल. केला. एचआरच्या बाईंचा उलट फोन आला, असा मेल आम्हाला पहिल्यांदाच आलाय, कुठे फाईल करायचा ते विचारून सांगते.