पार्ट्स वॉशरमध्ये पेट्रोल, रॉकेल की पाण्यात मिसळायचं केमिकल?

तुम्ही विचारलंय की आजवर सुटे भाग पेट्रोलमध्ये ब्रशने धुवायचात, आता गॅरेजसाठी पंपाचा पार्ट्स वॉशर घेतलाय, तर त्याच्या टाकीत काय भरावं.

पेट्रोल अजिबात नको, आणि त्यात ब्रशने धुणंही आजपासून थांबवा. पेट घेण्याइतकी वाफ पेट्रोलमधून उणे 40 अंश सेल्सिअसलाही निघत असते, म्हणजे तुमच्या टाकीवर ती बाराही महिने असणार. ही वाफ हवेपेक्षा जड असते. जमिनीलगत सरकत ती पलीकडच्या ग्राइंडरच्या ठिणगीपर्यंत पोहोचते आणि ज्वाला त्याच वाटेने टाकीकडे परत येते.

रॉकेल बरेच जण वापरतात. ग्रीस छान सुटतं, पण त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते ते, जेमतेम 38 अंशांच्या आसपास. तापलेल्या शेडमध्ये तेवढं तापमान सहज होतं. शिवाय फवाऱ्याचे बारीक थेंब त्याहून कमी तापमानालाही पेटू शकतात. म्हणून वॉशर थंड, म्हणजे हीटर नसलेला असेल, तर 60 अंशांच्या वर फ्लॅश पॉइंट असलेलं, कमी वासाचं पेट्रोलियम सॉल्व्हंट घ्या. आकडा सेफ्टी डेटा शीटवर, म्हणजे त्या द्रवाच्या धोक्यांच्या माहितीपत्रकावर असतो, तो स्वतः वाचून मगच डबा घ्या. भाग वाळायला वेळ लागतो, ते सोसा. झाकणाला उष्णतेने वितळणारी कडी असते. आग लागली की ती वितळून झाकण आपोआप पडतं, तेव्हा झाकण तारेने बांधून उघडं ठेवू नका.

हीटरचा वॉशर असेल तर फक्त पाण्यात मिसळायचं केमिकल, आणि त्यात सॉल्व्हंटचा थेंबही नको. मला स्वतःला हाच प्रकार जास्त पटतो. आगीची भीती जवळजवळ राहत नाही आणि गरम पाण्यात चिकट ग्रीसही सुटतं. मात्र तुम्ही काय धुता ते पाहा. कॉस्टिक सोडा असलेलं केमिकल ॲल्युमिनियम खातं आणि वर हायड्रोजन सोडतं. कार्ब्युरेटर, पिस्टन, गिअरबॉक्सचं ॲल्युमिनियम कव्हर धुवायचं असेल तर ॲल्युमिनियमला चालेल असं लेबलवर लिहिलेलंच घ्या. बिडाचे भाग पाण्यातून काढले की बघता बघता गंजतात, म्हणून केमिकलमध्ये गंजरोधक असावं आणि भाग लगेच पुसून तेलाचा हात फिरवावा. बेअरिंग पाण्यात घालू नका. ती सॉल्व्हंटमध्ये धुवा, आणि वाळवताना कॉम्प्रेसरच्या हवेने गरगर फिरवू नका.

मशीन कुठल्या द्रवासाठी बनवलंय हे त्याच्या पाटीवर आणि मॅन्युअलमध्ये असतं. सॉल्व्हंटच्या वॉशरमध्ये पाणी भरलं तर टाकी गंजू शकते, पंपही जाऊ शकतो.

ट्रायक्लोरोएथिलीनसारखी क्लोरीनची सॉल्व्हंट कोणी सुचवली तर घेऊ नका. तेल झटक्यात काढतात हे खरं, पण ट्रायक्लोरोएथिलीनने माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालंय. अशा सॉल्व्हंटच्या वाफेत वेल्डिंग केलं तर फॉस्जीन हा विषारी वायूही तयार होऊ शकतो.

ब्रेकचे रबरी कप आणि सील या वॉशरमध्ये टाकूच नका. पेट्रोलियम सॉल्व्हंट लागलं की ते फुगतात आणि ब्रेक अडकतो. ते ताज्या ब्रेक फ्लुइडनेच धुवा.

हातात नायट्राइलचे हातमोजे घाला, साधं लॅटेक्स सॉल्व्हंटपुढे टिकत नाही. तळाचा गाळ आणि जुना द्रव गटारात सोडू नका. वेगळ्या बंद डब्यात साठवून घातक कचरा नेणाऱ्या अधिकृत माणसाकडेच द्या.