आधी चौघं एका खोलीत या

प्रिय लेकरा,

तू पाठवलेली 14 गाणी ऐकली. काही हेडफोन लावून, काही गाडीत. तिसरं तर इतक्यांदा लावलं की घरातले ते गुणगुणायला लागले. तुमच्या चौघांच्या बँडची लॉकडाऊनमधली ही गाणी आता अल्बम म्हणून काढायची आहेत, कशी आणि कधी काढू, असं तू विचारलंस. माझं मत सरळ आहे: अजून नको. आधी चौघं एका खोलीत या. का, ते नीट सांगतो.

जवळपास प्रत्येक गाण्यात तू हळू गातेस. सुरात आहेस, शब्द स्वच्छ येतात, पण गळा मोकळा सुटत नाही. आधी वाटलं, हा तू मुद्दाम धरलेला बाज असेल. मग लक्षात आलं, ही सगळी गाणी रात्री गायलेली आहेत, परभणीच्या दोन खोल्यांच्या घरात, पलीकडं आजी झोपलेली असताना. सातव्या गाण्याच्या शेवटी तिचा खोकला ऐकू येतो. तो राहू दे, मला फार आवडला. अशा घरात वरच्या पट्टीत कोण गाणार? म्हणून पट्टीही तू खालची धरलीस. तिसरं गाणं बघ: गिटार अर्धा सूर उतरवलेली आणि गाणं काळी दोनच्या पट्टीत. त्या खोलीत ते शोभलं. पण मागं ड्रम आणि बास सुरू झाले, दोन गिटार अँपवर कडाडायला लागल्या, की हा आवाज त्यांच्याखाली दबणार. तो वर आणायला माईकचा गेन चढवलास की मॉनिटर, म्हणजे तुझ्याकडं तोंड केलेला स्पीकर, शिट्टी मारणार. गिटार नेहमीच्या ट्युनिंगला आण आणि दुसऱ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लाव. बोटं तीच राहतील आणि काळी तीन मिळेल. मग उभी राहून, पोटातून श्वास घेऊन मुखडा म्हण. दुसऱ्या ओळीत जी वरची जागा तू टाळली आहेस, ती तिथं तुला आपोआप सापडेल.

ड्रमचंही तसंच. लॅपटॉपवर बसवलेला हायहॅट, म्हणजे ड्रमची जोडझांज, पहिल्या मात्रेपासून शेवटच्यापर्यंत एकाच जोरानं वाजतो. तुमचा ड्रमर तसा वाजवत नाही. अंतऱ्यावर तू शब्दांना जागा मागतेस तेव्हा तो हात आखडता घेतो, आणि मुखड्यावर परत येताना किंचित पुढं धावतो. मी त्याला युवक महोत्सवात ऐकलंय, म्हणून सांगतो. पण लॉकडाऊनमध्ये तो गावाकडं अडकला होता, किट होस्टेलच्या खोलीत कुलूपबंद, आणि त्यानं उशीवर काड्या आपटून फोनवर पाठवलेल्या तालावरून तू माऊसनं ठोके भरलेस. त्या परिस्थितीत तुम्ही जे केलंत ते मोलाचं आहे. फक्त तो बँडचा आवाज नाही एवढंच म्हणतो.

तेव्हा एकत्र वाजवणं शक्यच नव्हतं, हे विसरू नकोस. आवाजाला हवेतून एक मीटर जायला साधारण 3 मिलिसेकंद लागतात. ड्रमरपासून 3 मीटरवर उभी असलीस तर त्याचा ठोका तुला 9 मिलिसेकंदांनी पोचतो, आणि कान तेवढं सांभाळून घेतो. हा उशीर 25-30 च्या पुढं गेला की लय ओढली जाते, प्रत्येक जण दुसऱ्याची वाट बघत मागं मागं सरकतो. व्हिडिओ कॉलवर तर त्याच्या कितीतरी पट उशीर होतो. म्हणून साऱ्या जगातल्या बँडांनी तेव्हा फायली एकमेकांना पाठवल्या. मेटॅलिकासारख्या अमेरिकेतल्या बड्या बँडनं मे 2020 मध्ये आपलं जुनं गाणं ‘ब्लॅकन्ड’ चौघांनी चार घरांतून वाजवून बाहेर काढलं. नव्या गाण्यांच्या कल्पनाही त्यांनी ऑनलाइनच सुरू केल्या. पण ‘72 सीझन्स’ हा अल्बम पुढं त्यांनी आपल्या नेहमीच्या जागेत बसून घडवला, आणि तो 14 एप्रिल 2023 ला आला. ज्यांच्याकडं जगातली सगळी साधनं आहेत, त्यांनाही खोली लागली. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीनं डिसेंबर 2020 मध्ये एकट्यानं अल्बम काढला हे खरं, पण तो माणूस 1970 पासून ड्रम, बास, पियानो स्वतः वाजवून अल्बम करत आलाय. तुमचं बळ वेगळं आहे, तुमचं बळ तुम्ही चौघं एकमेकांना ऐकता त्यात आहे.

तरी ‘अजून नको’ म्हणजे ‘कधीतरी बघू’ नव्हे. फू फायटर्स या अमेरिकन रॉक बँडचा ‘मेडिसिन ॲट मिडनाइट’ हा अल्बम महामारीच्या आधीच तयार होता, 9 गाणी, जेमतेम 37 मिनिटं. 2020 मध्ये बँडच्या 25 वर्षांनिमित्त दौरा ठरला होता, त्याच्यासोबत अल्बम यायचा होता. दौरा अडला, अल्बमही थांबला. पण दौरे सुरळीत होईपर्यंत ते थांबले नाहीत, 5 फेब्रुवारी 2021 ला त्यांनी तो बाहेर काढला. मार्च 2022 मध्ये त्यांचा ड्रमर टेलर हॉकिन्स दौऱ्यावर असताना गेला. बँडबरोबरचा त्याचा तोच शेवटचा अल्बम ठरला. हे वाचून घाबरू नकोस. पण ज्या दोन वर्षांत आपण सगळ्यांनी माणसं गमावली, त्यांवर गाणारा बँड तारखेशिवाय वाट बघत बसू शकत नाही.

म्हणून तारीख मी सुचवतो. ड्रमर चाकणहून दिवाळीला येतोच. भाऊबीज झाली की फटाके बरेच कमी होतात, आणि तुळशीच्या लग्नापर्यंत लग्नाचे मुहूर्त नसतात. मधले ते आठ-दहा दिवस मंगल कार्यालयं रिकामी असतात आणि स्वस्तात मिळतात. पाऊसही सरलेला असतो, पत्र्यावर तडतड नाही. परभणीतच एखादं छोटं कार्यालय तीन दिवसांसाठी घ्या. मोठ्या हॉलमध्ये आवाज घुमेल, वऱ्हाड उतरतं त्या लांबट खोलीत किट लावा. वऱ्हाडाच्या गाद्या तिथंच असतात. त्या भिंतीला टेकवून ड्रमच्या मागं आणि अँपच्या बाजूंना उभ्या करा, खिडक्यांवर घरच्या जाड वाकळा टांगा. पंखे बंद. माईक लॅपटॉपला जोडणारा इंटरफेस इन्व्हर्टरवर घ्या, लाइटचा भरवसा धरू नका. ड्रम, बास आणि ऱ्हिदम गिटार एकत्र वाजवून घ्या, माईकमध्ये एकमेकांचा आवाज थोडा मिसळला तरी मिसळू द्या. तुझा गळा आणि लीड गिटार नंतर. एखादा टेक चुकीच्या सुरासकट जिवंत वाटला तर तोच ठेवा.

पण त्याआधी गाणी लोकांसमोर वाजवा. गणेशोत्सवात ऑर्केस्ट्राच्या आधी 20 मिनिटं मागा. मंडळाची पोरं देतात, नीट विचारलं की. कॉलेजच्या गॅदरिंगला जा. समोर खुर्चीवर बसलेल्या बाया पदर सावरून उठायला कुठल्या गाण्याला लागतात, ते बघ. एकटीनं रात्री केलेली गाणी लांबतात, कारण थांब म्हणायला कुणी नसतं. तुझी चार गाणी सात मिनिटांच्या वर आहेत. मांडवात वाजवलीस की कुठं कापायचं ते तुझं तुलाच कळेल.

आता शब्दांबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त काळजी तिथं वाटते. निम्म्या गाण्यांत बंद दारं, रिकामे रस्ते, थांबलेली घड्याळं आहेत. ती जगात कुठल्याही शहरात लिहिता आली असती, आणि लिहिली गेलीही. याउलट पाचव्या गाण्यात 25 माणसांत दोन तासांत उरकलेलं चुलत बहिणीचं लग्न आहे, आणि दारात उभा राहून आत यायला मिळालं नाही असा बँडवाला आहे. 2021 च्या एप्रिलमध्ये नियमच तसा होता. सनई-ट्रम्पेट वाजवणाऱ्यांच्या, हलगीवाल्यांच्या दोन लग्नसराया ओळीनं गेल्या. हे कुणी गायलं नाही, तू गायलीस. तसंच आषाढीला एसटीत बसून पंढरपूरला गेलेल्या पालखीचं कडवं. जनाबाईचं गंगाखेड तुझ्याच जिल्ह्यातलं. तिच्या अभंगात दळण-कांडण, झाडलोट नावानिशी येते. तू तिचीच लेक आहेस असं समजून लिही, घरात काय होतं ते लिही.

अकराव्या गाण्यापाशी मी बराच थांबलो. जालन्याच्या स्टील कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातले मजूर भुसावळकडं पायी निघाले, थकून करमाडजवळ रुळावरच झोपले, आणि 8 मे 2020 च्या पहाटे मालगाडीखाली 16 जण गेले. यावर गाणं करण्याचा तुझा हक्क आहे. ते आपल्या मातीवर घडलं, आपल्या कारखान्यांतून निघालेली माणसं होती ती. पण दोन गोष्टी बदल. रुळावर विखुरलेल्या भाकरी काढून टाक. तो फोटो सगळ्यांनी पाहिलाय, आता तो ऐकणाऱ्याला विचार न करता रडवतो. आणि शेवटचा दोन मिनिटांचा गिटार सोलो काढ. तो चांगला वाजवलाय, पण तिथं कान गिटारवाल्याकडं जातो, आणि त्या गाण्यात तो कुणाकडंच जाता कामा नये. एकदा उन्हाळ्यात जालन्याहून बदनापूरपर्यंत रस्त्यानं चालून बघ, दिवसा, कुणाला तरी सोबत घेऊन. पायाला काय होतं, पाणी कुठं मिळतं, कोण विचारपूस करतं, ते लिहून आण. मग ते गाणं परत कर, नाहीतर अल्बममध्ये घेऊ नकोस.

नवव्या गाण्यात संबळ आहे, सॅम्पल पॅकमधला, म्हणजे आयत्या रेकॉर्ड केलेल्या आवाजांतला. तो पुसून टाक आणि खरा गोंधळी बोलाव. दिल्लीच्या ब्लडीवुड या बँडनं ढोल मेटल संगीतात बसवला. फेब्रुवारी 2022 मध्ये त्यांचा स्वतःच्या गाण्यांचा पहिला अल्बम ‘रक्षक’ आला तो त्याच आवाजावर उभा होता, कारण ढोलवाला त्यांच्यात उभा राहून वाजवतो. संबळाची दोन तोंडं असतात, एक चढं, एक घुमारदार. दोन्हींना वेगळा माईक लाव, आणि टोकाला वाकडी असलेली काडी पडते तिथून माईक वीतभर लांब ठेव, नाहीतर नुसता काडीचा आवाज येईल. क्लिकवर, म्हणजे कानातल्या यंत्राच्या ठोक्यावर, वाजवायला गोंधळ्यांना लावू नकोस. ते वाजवतील त्या लयीवर तुम्ही चला, ड्रमर जमवेल. बिदागी आधी ठरव आणि त्याच दिवशी हातात दे. महामारीत तुळजाभवानीचं मंदिर बंद राहिलं तेव्हा या घरांचं काय झालं ते आपण पाहिलंय.

पैशाचं आणि कागदाचं थोडक्यात. स्पॉटिफायवर 2024 पासून बारा महिन्यांत 1,000 वेळा न ऐकलेल्या गाण्याला काही मिळत नाही, तेव्हा त्या पैशावर हिशेब मांडू नका. कुठलं गाणं कुणी लिहिलं, चाल कुणाची, वाटा किती, हे एका कागदावर लिहून चौघं सह्या करा, रेकॉर्डिंगच्या आधी. तू गीतकार आहेस, आयपीआरएसची, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेची, सभासद हो. कॉपीराइट कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला लिहून देता येत नाही. कुणी तसा कागद पुढं केला तर मला दाखव.

14 मधून पाचच गाणी घे. तिसरं, पाचवं, सातवं आणि संबळाचं नववं, ही चार माझ्या मते पक्की. उरलेलं एक तुम्ही चौघं ठरवा, अकरावं जमलं तर तेच. 22-23 मिनिटांचं काम होईल. बाकीची गाणी जपून ठेव, त्यातली दोन तरी पुढं परत येतील.

आता या आठवड्यात तीन फोन कर. पहिला चाकणला, ड्रमरला सुट्टी नक्की कुठपर्यंत आहे ते विचार. दुसरा लातूरला, बासवाला क्लासमधून तीन दिवस निघू शकतो का ते बघ. तिसरा कार्यालयाला, आणि गाद्या किती आहेत ते विचारायला विसरू नकोस. संबळवाल्या मामांशी मी बोलतो, त्यांचा मुलगा माझ्याकडं येत असतो. चार माईक आणि स्टँड संभाजीनगरहून मी घेऊन येईन, भाडं द्यायचं नाही. आजीला माझा नमस्कार सांग.

तुझा,
सर